साठ रुपये ग्रॅम

"कितीला पडली रं?" आण्णांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

माझ्या हातात रिमोटवर चालणारी रेसिंग बग्गी होती. सव्वा फूट लांब, दीड किलो वजनाची, टायरांना रबरी काटे. मी ती कॅमेऱ्यासमोर उलटीसुलटी करून दाखवत होतो. आण्णा स्क्रीनच्या इतके जवळ आले होते की मला फक्त त्यांचा एक डोळा आणि अर्धं नाक दिसत होतं.

"दहा हजार," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "प्लास्टिकच्या मानानं जास्तीच झालं."

खरा आकडा नव्वद हजार होता. गाडीचं किट साडेतीनशे पाउंड. त्यात मोटर नसते, बॅटरी नसते, रिमोट नसतो, काहीच नसतं. एका खोक्यात पिशव्या, पिशव्यांत स्क्रू आणि एक जाड मॅन्युअल. मग मोटर सत्तर, स्पीड कंट्रोलर एकशे दहा, स्टिअरिंगचा सर्वो साठ, रिमोट एकशे वीस, दोन बॅटऱ्या सत्तर, चार्जर पन्नास, टायर वीस. साडेआठशे पाउंड. हे सगळं मी एका रविवारी, घरमालकाच्या हीटरला पाय लावून, पाच वेगवेगळ्या साइटवरून मागवलं होतं.

खोटं का बोललो, ते सांगतो. आण्णा इचलकरंजीत बत्तीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे यंत्रमागांचा मेकॅनिक आणि वैद्य दोन्ही. माग बिघडला की कामगार जॉबरला हाक मारतो. साध्या मागात धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे फेकला जातो, आणि त्याची वेळ जरा चुकली की सूत तुटतं, कापडाला डाग पडतो, कधी धोटाच उडून कुणाला तरी लागतो. ही वेळ जुळवायची, हे आण्णांचं काम. मी गाडी घेतली त्याच्या दोन महिने आधी, गणपती झाल्यावर, त्यांच्या शेठनी चोवीस जुने माग भंगारात घातले. टेम्पोत चढवताना आण्णा तिथे उभे होते, असं आईने सांगितलं. ते स्वतः त्यावर काहीच बोलले नाहीत. नव्वद हजार म्हणजे त्यांची पाच महिन्यांची मजुरी. आणि त्यांनी ज्या कर्जावर सही केली म्हणून मी इंजिनिअर झालो, ते फिटून अजून वर्षही झालं नव्हतं.

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. मी नोकरीसाठी खऱ्या मँचेस्टरला आलो तेव्हा आण्णांनी पहिला प्रश्न विचारला होता, "तिकडं माग किती हायेत?" एकही नाही, हे त्यांना पटेना. आमच्याकडचे साधे माग मुळात इथल्याच लँकेशायर मागांचे वंशज. इथले केव्हाच गेले. उरलेत ते संग्रहालयात. बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये ते जपून ठेवलेत. त्यांचे फोटो पाठवले तर आण्णांनी झूम करून एकच वाक्य लिहिलं: "पट्टा ढिला हाय."

तर मँचेस्टरमध्ये माझ्याकडे काय होतं? एक खोली, एक नोकरी आणि साडेचारला अंधार होणारा नोव्हेंबर. ऑफिसमधला एकजण मला एका शुक्रवारी शहराबाहेरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये घेऊन गेला. आत चाळीस-पंचेचाळीस माणसं गालिचा अंथरत होती. खरोखर गालिचा, लांबच लांब गुंडाळ्या. त्यावर लाकडी उड्या, कडेला पाइपच्या कुंपणाची वळणं. तासाभरात रेस सुरू झाल्या आणि मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. इंजिनाचा नाही, डास आणि शिवणयंत्र यांच्या मधला काहीतरी. दहा गाड्या एकदम उडत होत्या, उतरताना एकमेकांच्या डोक्यावर पडत होत्या, आणि कडेला उभी असलेली माणसं धावत जाऊन उलट्या गाड्या सरळ करत होती. त्यांना मार्शल म्हणतात. नियम साधा आहे: तुमची रेस झाली की पुढच्या रेसला मार्शल तुम्ही. आता तुमची गाडी दुसऱ्याने उचलली, पुढच्या पाच मिनिटांत दुसऱ्याची तुम्ही उचलायची. सहा आठवड्यांत पहिल्यांदा मला कुणाचा तरी उपयोग होणार होता.

हे सगळं पोरखेळ वाटेल. मलाही वाटलं होतं. पण याला चाळीसहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानच्या तामियाने अशा बग्ग्यांची किट काढली. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या टीम असोसिएटेडची आरसी१० आली, ॲल्युमिनियमची चासी आणि तेल भरलेले शॉक घेऊन, आणि खेळण्याचं यंत्र झालं. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात एक-दशांश आकाराच्या इलेक्ट्रिक बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९८७ मध्ये ती इंग्लंडमधल्या रॉम्सीला भरली आणि चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांच्या गटात जपानचा मसामी हिरोसाका जिंकला, तोही नॉर्दॅम्प्टनच्या शूमाकर कंपनीच्या गाडीवर. आमच्या क्लबात एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. त्यांना मी मनात 'मास्तर' म्हणतो. ती रेस आपण प्रेक्षकांत उभं राहून पाहिली, हे ते दर शुक्रवारी कुणाला ना कुणाला सांगतात.

गाडी निवडताना मी तेच केलं जे फोन घेताना करतो. एक्सेल उघडलं. वजन, किंमत, शॉकची लांबी, रिव्ह्यूमधले गुण. मास्तरांनी माझ्या खांद्यावरून ते पाहिलं आणि म्हणाले, "हे बंद कर आणि हॉलमध्ये एक चक्कर मार. कुणाच्या टेबलावर कुठली गाडी आहे ते मोज." कारण रात्री साडेआठला पुढचा आर्म तुटतो तेव्हा ऑनलाइन दुकान कामाचं नसतं. शेजारच्याच्या डब्यात तोच पार्ट असला तर तुमची पुढची रेस होते, नाही तर घरी. ज्याचे सुटे भाग तुमच्या ट्रॅकवर मिळतात ती गाडी चांगली. निम्मी निवड इथेच संपते.

उरलेली निवड अशी. टू-व्हील ड्राइव्ह की फोर-व्हील? फोर-व्हील गाडी वळणातून ओढून काढते, चालवायला सोपी, पण डिफरन्शियल दोन, शाफ्ट जास्त, खर्च जास्त. टू-व्हील गाडी थ्रॉटल जरा जास्त दाबला की मागून फिरते, म्हणून बोट शहाणं होतं. मोटर मध्ये की मागे? मोकळ्या मातीत मागच्या चाकांवर वजन लागतं, म्हणून पूर्वी मोटर अगदी मागे असायची. गालिच्यावर पकड इतकी असते की मोटर मध्ये आणली तरी चालतं आणि पुढचं टोक नीट वळतं. शेवटी मोटर कुठली? ब्रशलेस मोटर तारेच्या वेढ्यांवरून ओळखतात. वेढे कमी, वेग जास्त. नवख्याने साडेसतराची घ्यावी, फार तर साडेतेराची, असं मला तिघांनी सांगितलं. मी साडेसातची घेतली. टू-व्हीलमध्ये साडेसात. ज्याला पोहता येत नाही त्याने थेट पंचगंगेच्या पुरात उडी मारावी, तसं.

गाडी जोडायला तीन रात्री लागल्या. त्या रात्री छान गेल्या, हे कबूल करतो. चूक त्यानंतर केली. मॅन्युअलमध्ये कंपनीने दिलेला सुरुवातीचा सेटअप असतो. मी तो वापरलाच नाही. नेटवर चॅम्पियन ड्रायव्हरांच्या सेटअप शीट मिळतात. एका पानाचा छापील तक्ता, त्यात त्याने कुठली स्प्रिंग, शॉकमध्ये कुठलं तेल, चाक किती अंश कललेलं, गाडीचं पोट जमिनीपासून किती मिलिमीटर वर, सगळं भरलेलं. मी एका मोठ्या नावाची शीट उचलली आणि तंतोतंत तशी गाडी केली. मऊ स्प्रिंगा मागवल्या, वेगळे पिस्टन मागवले. दिवसभर मी ऑफिसात हेच करतो. दुसऱ्याचा कोड उचलायचा, आपल्याकडे चिकटवायचा, चालला तर कॉफी प्यायला जायचं.

चालला नाही. पहिल्याच वळणावर गाडी कोलांटी उडी मारून छपरावर पडली. मार्शलने उचलली, पुढच्या वळणावर पुन्हा. याला इथे ग्रिप रोल म्हणतात. टायर गालिच्याला इतका घट्ट धरतो की घसरण्याऐवजी अख्खी गाडी त्याच्यावरून उलटते. त्या रात्री माझा सर्वांत वेगवान लॅप १६.७ सेकंदांचा होता आणि मास्तरांचा १७.१. म्हणजे मी मास्तरांपेक्षा वेगवान. पण पाच मिनिटांत मास्तरांचे सतरा लॅप झाले आणि माझे चौदा. मी शेवटच्या, म्हणजे ई फायनलमध्ये, शेवटून पहिला.

मग मी जे करायला नको तेच केलं. दर आठवड्याला तीन-चार गोष्टी एकदम बदलायला लागलो. स्प्रिंग बदल, तेल बदल, कॅम्बर बदल, दुसरे टायर. कधी सुधारायचं, कधी बिघडायचं, आणि कशामुळे ते मला सांगता यायचं नाही. ऑफिसात ज्युनियरने एका कमिटमध्ये चार बदल घातले तर मी त्याला अर्धा तास सुनावतो. शिवाय मोटर तापायची. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं तर ८६ अंश. मोटरवर बोट ठेवलं असतं तर चटका बसला असता.

शनिवारी सकाळी घरी फोन असायचा. आमचं बोलणं ठरलेलं. जेवलास काय, थंडी किती, पैसे जपून. आण्णांकडे सांगायला काही नसायचं. पूर्वी ते सांगायचे की नऊ नंबरचा माग आज चार वेळा बंद पडला, अमक्या कामगाराने पाना हरवला. आता ते तिकटीवर जाऊन बसायचे आणि परत यायचे. एका शनिवारी विषय संपले म्हणून मी टेबलावरची गाडी चालू करून चाकं फिरवून दाखवली.

"परत फिरव," ते म्हणाले.

फिरवली.

"काय ऐकू येईना. तुझं बोलणंच येतंय."

व्हॉट्सॲप कॉलवर यंत्राचा आवाज गाळला जातो. तो त्याला कचरा समजतो. मी रेकॉर्ड करून पाठवला. दहा मिनिटांनी त्यांचा फोन.

"हळू फिरवून घे. अगदी हळू. जोरात फिरवलास तर सगळं एकच वाटतंय."

पुन्हा रेकॉर्ड. पुन्हा फोन.

"दातं घट्ट बसल्यात. मोटर मोकळी करून हातानं चाक फिरव, एका जागी अडंल बघ."

अडलं. मोटरवरचं छोटं चक्र, म्हणजे पिनियन, आणि त्याच्याशी जुळणारं मोठं प्लास्टिकचं चक्र, यांत अंतर शिल्लकच नव्हतं. मला वाटत होतं, जितके घट्ट तितके चांगले. आण्णा म्हणाले, "मधी कागद घाल. कागदासकट दाबून बोल्ट आवळ, मग फिरवून कागद काढून घे. कागदाएवढी जागा ऱ्हाती. विडीच्या बंडलाचा कागद बरोबर पडतो." माझ्याकडे विडी नव्हती. सुपरमार्केटची पावती फाडून घातली. पुढच्या शुक्रवारी रेसनंतर मोटर ७४ अंश. मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "अर्थात. आम्हीही कागदच घालतो. तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या वडिलांनी. ते मागांचे मेकॅनिक होते."

मास्तर जरा थांबले. म्हणाले, "माझी आई मागावर होती." आणि टायर पुसायला लागले.

त्यानंतर शनिवारचा फोन तासभर चालायला लागला. आण्णांनी पहिली अट घातली: वही. त्यांच्याकडे अशी वही होती, हे मला अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हतं. आईने फोटो पाठवले. शंभर पानी, वर लक्ष्मीचं चित्र, आत बॉलपेनने तारीख, माग नंबर, काय केलं, काय झालं. "१४ नं. पिकिंग अर्धा सूत मागे. धोटा बरोबर. कापड साफ." पुढच्या ओळीत, "१४ नं. परत आवाज. पट्टा बदलला." मी इंजिनिअरिंगला असताना मित्रांना सांगायचो की आमचे वडील सगळं अंदाजाने करतात. त्या वहीत अंदाज नव्हता. आम्ही ज्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतो ते त्यात होतं.

"दोन जागी पाना लावलास तर कशानं सुधारलं ते कसं कळणार?" ते म्हणाले. "एका टायमाला एकच. आणि पहिल्यांदा जसं कंपनीनं दिलंय तसं करून टाक."

मी चॅम्पियनची शीट फाडली नाही, पण ड्रॉवरमध्ये टाकली. सगळं मॅन्युअलप्रमाणे परत लावलं. स्प्रिंगा मूळच्या घातल्या. मग एका शुक्रवारी एक गोष्ट.

पहिली, शॉक. चारही खोलून तेल बदललं. मागच्या डाव्या शॉकमध्ये हवेचा बुडबुडा होता, म्हणजे तो दाबला की उजव्यापेक्षा हलका जायचा. गाडी डावीकडे एक वळायची आणि उजवीकडे दुसरीच. तेल भरून पिस्टन सावकाश वरखाली करायचा, बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं, मगच झाकण लावायचं. मी थांबलो नव्हतो.

दुसरी, उंची. गाडीचं पोट जमिनीपासून २५ मिलिमीटर होतं, ते १९ वर आणलं. वजन खाली आलं की उलटणं कमी.

तिसरी, पुढच्या टायरांच्या बाजूच्या भिंतीवर सुपरग्लूचा पातळ थर. वळताना टायर दुमडून गालिच्याला कडेने धरतो आणि गाडी उलटते. ग्लू वाळला की ती कड घसरते. वीस पाउंडांच्या टायरांवर गोंद फासताना हात थरथरला, पण कोलांट्या जवळजवळ थांबल्या.

चौथी आण्णांच्या हातची नव्हती, मास्तरांच्या होती. त्यांनी माझा रिमोट घेतला आणि थ्रॉटल सत्तर टक्क्यांवर मर्यादित केला. स्टिअरिंगही थोडं कमी केलं. मी म्हणालो, मग साडेसातची मोटर घेऊन काय उपयोग? ते म्हणाले, "तेच मी तेव्हा विचारलं होतं."

उडी मारताना गाडीचं नाक हवेत कसं सांभाळायचं, तेही त्यांनी शिकवलं. हवेत थ्रॉटल दिला की चाकं जोरात फिरतात आणि नाक वर येतं, ब्रेक दाबला की खाली. भौतिकशास्त्र मला माहीत होतं. बोटाला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये माझा सर्वांत वेगवान लॅप १७.३ होता. पूर्वीपेक्षा हळू. पण पाच मिनिटांत सोळा लॅप झाले आणि मी डी फायनलमध्ये गेलो. डी म्हणजे काही फार नाही. पण वहीत ती ओळ लिहिताना मला सेमिस्टरच्या निकालापेक्षा बरं वाटलं.

हे सगळं चालू असताना दहा हजारांचं खोटं तसंच होतं. अधूनमधून टोचायचं. आण्णा म्हणायचे, "दहा हजारात एवढंच मिळणार, जास्त ताणू नको." कधी म्हणायचे, "स्वस्तातला गिअर हाय, सांभाळून आवळ." मी हूं म्हणायचो.

एका शनिवारी ताईचा मुलगा त्यांच्या शेजारी बसला होता. बारा वर्षांचा. त्याने बॉडीवरचं नाव वाचलं आणि माझ्यासमोरच गुगल केलं. मला त्याच्या अंगठ्याची हालचाल दिसत होती. नुसत्या किटची किंमत रुपयांत त्याने मोठ्याने वाचली.

आण्णा काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "सगळं मिळून किती?"

"नव्वद."

आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. आई काहीतरी म्हणाली. आण्णांचे ओठ हलत होते. ते हिशोब करत होते.

"दीड किलो हाय ना? म्हणजे साठ रुपये ग्रॅम." मग म्हणाले, "आमचं माग किलोवर गेलं."

मी सॉरी म्हणालो. ते काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, कारण ते वेगळ्याच गोष्टीवर चिडले होते.

"मी दहाच्या हिशोबानं सांगत होतो तुला. चार महिने. गिअर हलका असंल, बेअरिंग हलकं असंल म्हणून. नव्वदची गाडी अशी खुळखुळत असंल तर ती स्वस्त म्हणून नव्हं, तू जोडलीस तशी म्हणून. मला आधी कळलं असतं तर मी दुसरीकडं बघितलं असतं."

आणि फोन ठेवला.

मी बराच वेळ तसाच बसलो. ते पैशांवरून रागावतील, याची तयारी मी चार महिने करत होतो. माझा पगार, माझे कष्ट, इथले भाव, सगळी उत्तरं तयार होती. या रागाला उत्तर नव्हतं. बग रिपोर्टमध्ये कुणी खोटी माहिती भरली की माझे दोन दिवस वाया जातात आणि मी त्या माणसाला मनात जे जे म्हणतो, ते सगळं मला लागू होतं. मी त्यांची काळजी घेतोय असं मला वाटत होतं. त्यांना पेलवणार नाही म्हणून आकडा लहान केला. खरं तर ज्या एका गोष्टीत ते अजून जॉबर होते, तिथेच मी त्यांना चुकीचं माप दिलं होतं.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. मीच केला. आईने उचलला, म्हणाली बाहेर गेलेत. त्याच्या पुढच्या शनिवारी मेसेज आला: "मागची चाकं हाताला लावून बघ. कडेकडेला खेळ हाय का." होता. मागच्या हबमधलं बेअरिंग मी नीट बसवलंच नव्हतं, तिरपं शिरलं होतं. चार महिने.

एप्रिलमध्ये चुलत बहिणीच्या लग्नासाठी घरी गेलो. गाडी बॅगेत, बॅटऱ्या टोकांना टेप लावून हातातल्या सामानात, कारण लायपो बॅटरी विमानात बॅगेत टाकू देत नाहीत. लग्नानंतर आण्णा म्हणाले, "चल, जागा हाय." शेठच्या पोराकडून त्यांनी शेडची किल्ली आणली होती.

मी त्या शेडमध्ये लहानपणी डबा द्यायला जायचो. आत बोलता यायचं नाही, ओठ बघून समजायचं. आता शांत होती. एका कोपऱ्यात कुणाची तरी पोती. बाकी रिकामा सिमेंटचा कोबा, आणि त्यावर ओळीने चार-चार बोल्टचे कापलेले बुडखे. प्रत्येक चार बुडख्यांत एक माग होता. आण्णा मधून चालताना बुडख्यांकडे न बघता पाय बरोबर टाकत होते.

भाच्याच्या हातात रिमोट दिला. गाडी सुटली आणि जागच्या जागी गरगर फिरली. बत्तीस वर्षांचं तेल मुरलेला कोबा, वर कापसाची बारीक धूळ. गालिच्याचे टायर इथे बर्फावर असल्यासारखे. भाचा हसत सुटला. मी म्हणालो, इथे नाही चालणार.

"का न्हाई?" आण्णा म्हणाले. "जमीन बदलली. तुझी तिकडची वही हितं चालणार न्हाई, एवढंच."

ते खाली बसले. चष्मा नाकावर घेतला. विचारलं, "मागं वजन कसं टाकायचं?" बॅटरी मागे सरकवता येते, मी म्हणालो. सरकवली. एक चक्कर. थोडी बरी. "आता?" मागे मऊ स्प्रिंग. तीच, चॅम्पियनच्या शीटवरून मागवलेली, डब्यात पडलेली. घातली. एक चक्कर. मग उंची वाढवली, २५ वर. हळूहळू माझ्या लक्षात आलं की आम्ही एकेक पाऊल टाकत त्या शीटकडेच चाललोय. ती मोकळ्या मातीच्या, पकड कमी असलेल्या ट्रॅकची शीट होती. वरच्या कोपऱ्यात ट्रॅकचं नाव आणि जमिनीचा प्रकार छापलेला होता. मी तो रकाना वाचलाच नव्हता. त्या माणसाने सगळं खरं लिहिलं होतं.

तासाभरात गाडी बुडख्यांमधून आठचा आकडा काढायला लागली. भाचा थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून चालवत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आण्णांनी रिमोट एकदाही घेतला नाही. मी दोनदा दिला. "मला पाना दे," म्हणाले.

निघताना त्यांनी माझी वही मागितली. नवीन पान काढलं. तारीख लिहिली. खाली, "जमीन: कोबा, तेलकट." मग पहिलं पान उलटून बघितलं. तिथे मी गाडीचं नाव, मोटर, तारीख असं सगळं लिहिलं होतं.

"किंमत न्हाई लिहिलीस," ते म्हणाले, आणि पेन माझ्याकडे दिलं.